सावडीचं जर्मन

आमच्या सरांना जर्मन उत्तम येत होतं, फक्त ते हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं होतं. त्या काळातला एखादा जर्मन माणूस उठून दौंडच्या स्टँडवर उतरला असता, तर सरांनी त्याला घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली असती आणि दोघं संध्याकाळपर्यंत गप्पा मारत बसले असते. पण आजच्या जर्मन माणसाला नुसतं पाणी कुठं मिळेल एवढं विचारायचं म्हटलं, की सरांना घाम फुटायचा. आणि अशा माणसाकडं मी जर्मन शिकायला गेले. डोकं फिरलं होतं माझं, दुसरं काय!

खरं सांगायचं तर दुसरा इलाज नव्हता. मी दौंडात एका दवाखान्यात सिस्टर होते. नऊ वर्षं "ए सिस्टर, सलाईन संपलं" ऐकत होते. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात जागा मिळण्याचं पत्र आलं, अट एकच, भाषेची परीक्षा पास व्हायची. ड्युटी सांभाळून रोज पुण्याला जाणं शक्य नव्हतं. दौंडात जर्मन शिकवणारा एकच माणूस होता, आणि तो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेला मेंटेनन्सचा फिटर होता.

फिटरला जर्मन कसं आलं, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगायचे. कंपनीत जर्मनीहून एक मोठं मशीन आलं. ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला, दोन महिने राहिला, आणि जाताना गेस्ट हाऊसमध्ये एक जाडजूड पुस्तक विसरून गेला. सरांना वाटलं, मशीनचंच मॅन्युअल असणार. जपून ठेवलं. मशीन बिघडल्यावर उघडून बघतात तर त्यात नटबोल्टाचं नाव नाही! तो निघाला शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश. कुठला शब्द कुठून आला, हजार वर्षांपूर्वी त्याचं तोंड कसं होतं, सगळी कुळकथा. दुसरा माणूस रद्दीत देऊन मोकळा झाला असता. सरांनी पुण्याहून एक जर्मन-इंग्रजी शब्दकोश आणला आणि शिफ्टमध्ये जसा वेळ मिळेल तसं ते पुस्तक वाचायला घेतलं. वीस वर्षं वाचलं.

"बैल घेताना आपण त्याची अवलाद इचारतो का न्हाई?" ते म्हणायचे. "मग शब्द घेताना नको इचारायला?"

वर्ग भरायचा पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी चालू असली की सरांना ओरडून शिकवावं लागायचं, त्यामुळे वीज गेली तरी ते सवयीनं ओरडतच राहायचे. आम्ही चार सिस्टर आणि दोन फिटरची पोरं. सगळ्यांच्या वह्यांवर पीठ. सर मात्र पांढरा शर्ट घालायचे, म्हणजे पीठ दिसत नाही. हे त्यांनीच सांगितलेलं कारण आहे, मी पदरचं घालत नाही.

आता त्या 'गे'बद्दल सांगते. जर्मन भाषेत हा 'गे' पावलोपावली शब्दाच्या पुढं उभा असतो. इतर मास्तर सांगतात, भूतकाळ करताना लावा आणि पुढं चला. आमचे सर पुढं जातच नव्हते! पहिले पंधरा दिवस आम्ही 'गे'वरच बसलो होतो. आधी तो 'ग' होता, मग 'गि' झाला, मग 'गे'. इंग्रजांकडंही होता, त्यांनी वापरून वापरून झिजवला, आता त्यांच्या दोन-चार शब्दांत त्याचा नुसता कपचा उरलाय. त्याच्याही आधी तो कुठून आला, यावर पंडितांचं एकमत नाही, हे सांगताना सरांना फार वाईट वाटायचं, जसं काही घरातलंच भांडण आहे.

"पण अर्थ काय त्याचा? अर्थ!" ते टेबलावर हात आपटायचे, पीठ उडायचं. "अर्थ हाय 'संगट'. एकानं केलेलं न्हाई, समद्यांनी मिळून. भाऊ एकटा आसंल तर नुसता भाऊ. समदे भाऊ मिळून धंदा करत्यात तवा पुढं 'गे'. येक डोंगर तो नुसता डोंगर. डोंगराला डोंगर लागून रांग झाली, की 'गे'. बरोबर वाट चालणारा तो गेफेअर्टे. एका खोलीत ऱ्हाणारा तो गेझेले. आन् गेनोस्से म्हंजी कोण? सांगा की!"

आम्ही वह्यांवरचं पीठ झटकायला लागलो.

"आरं, ज्याची गुरं आन् आपली गुरं एकात हायेत तो. सावडीतला माणूस!"

सावड आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. तुझ्याकडं एक बैल, माझ्याकडं एक, दोघांची जोडी करून आधी तुझं रान नांगरायचं, मग माझं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी काढणीला अजून चालते. आज सगळ्यांनी एकाच्या रानात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. सरांचं म्हणणं असं, की जर्मन लोकांनी हा 'गे' सावडीसाठीच काढला. मी एकदा म्हटलं, "सर, पुस्तकात तसं लिहिलंय का?" तर म्हणाले, "पुस्तकात गुरांपर्यंत लिव्हलंय. पुढचं मला कळतंय."

आणि सगळ्यात लाडका शब्द 'गहलैबा'. गॉथ नावाच्या फार जुन्या लोकांचा. ग म्हणजे संगट, आणि हलैब म्हणजे भाकरी. ज्याच्या संगट भाकरी खाल्ली तो गहलैबा, म्हणजे सोबती. या एका शब्दापायी वर्गाचा कायदा झाला होता. साडेबाराला सगळे डबे टेबलावर मधोमध. आपला डबा आपण खायचा नाही. जो आपलाच डबा उघडेल त्यानं त्या दिवशी फळ्यावर यायचं. माझी आई लसणाची चटणी अशी करते की बोटं चाटावीत, आणि मी नऊ महिने दुसऱ्यांची पाणीदार वांगी खाल्ली. चटणी कायम सरांच्या पानात.

वर्गाबाहेरही तोच प्रकार. एसटीत शेजारी कोण बसला की सर त्याला "तुम्ही आमचे गेफेअर्टे" म्हणायचे. तो बिचारा सरकून बसायचा. एका कंडक्टरनं विचारलं, "कुठलं गाव हाय हे? ह्या गाडीला स्टॉप न्हाई."

हसायला बरं वाटतं आता. तेव्हा मला हसू येत नव्हतं, कारण परीक्षा डोक्यावर होती. धडे आमचे आम्हीच वाचायचो, मोबाईलवर ऐकायचो, अडलं तर सर. मी तशी हुशार, उगाच खोटं कशाला बोलू. वर्गात सगळ्यात पुढं मीच होते. आईनं तर गावभर सांगून टाकलं होतं, "आमची सिस्टर जर्मनीला चालली." किराणा दुकानदार विचारायचा, "कवा?"

परीक्षेत वाचन, लेखन, ऐकणं आणि शेवटी बोलणं. बोलण्याची परीक्षा जोडीनं होते. दोन परीक्षार्थी समोरासमोर बसवतात, एक कागद देतात आणि म्हणतात, दोघांनी मिळून हे ठरवा. माझ्या वाट्याला सांगलीकडची एक मुलगी आली होती. कागदावर वर्गाची सहल होती. सुरुवात झाली आणि मी अशी सुटले! सहल कुठं, कधी, कशी, डबे कोण आणणार, सगळं मीच ठरवलं. ती तोंड उघडायची, तोवर माझं पुढचं वाक्य तयार. बाहेर आले ती छाती काढून.

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, बोलण्यात नापास. मी! दोन दिवस मी कुणाचा फोन घेतला नाही. आश्रमाला कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, की अजून एका परीक्षेपर्यंत जागा धरून ठेवतो, त्यापुढं दुसऱ्या कुणाला देणार. म्हणजे एकच संधी. किराणावाल्याचं तोंड चुकवायला मी मागच्या गल्लीनं जायला लागले.

तिसऱ्या दिवशी वर्गात गेले. सरांनी शांतपणे विचारलं, "तुझी जोडीदारीण काय म्हनली?"

"तिला बोलूच कुठं दिलं मी!" मी म्हणाले. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

सरांनी समोरचा कोश मिटला. मग म्हणाले, "बाई, नऊ महिनं मी काय शिकवलं तुला?"

माझं टाळकं सटकलं. सगळ्यांसमोर मी बोलले, "काय शिकवलं? मेलेल्या लोकांचे शब्द शिकवले! गॉथ लोक घेणार आहेत का माझी परीक्षा? तुम्ही स्वतः कधी दिलीय का एक तरी परीक्षा? एका तरी जिवंत जर्मन माणसाशी बोललाय का?"

खाली गिरणी नेमकी त्याच वेळी थांबली. माझं शेवटचं वाक्य खालच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. सरांनी खडू ठेवला, हात झटकले, कोश फडक्यात बांधला आणि जिना उतरून गेले. डबा टेबलावरच राहिला. त्या दिवशी एकही डबा उघडला नाही, आणि माझी तर जीभच झडावी असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरत होते. पाठीमागून आवाज आला, "माझा बी भर." सर होते. खिशातून आधार कार्ड काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"सर, मी रागात बोलले. माफ करा."

"बोललीस ते खरं हाय. पुढं कंपनीत दुसरा जर्मन इंजिनिअर आला, त्याला मी 'चहा घ्या' येवढंबी जर्मनमधी म्हनलो न्हाई. भ्यालो व्हतो. आता बघू." जन्मतारखेच्या रकान्यात माझं बोट थांबलं. सहासष्ट वर्षांचा परीक्षार्थी! कॅफेवाल्यानंही स्क्रीनकडं दोनदा पाहिलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना सरांनी जाहीर केलं, रविवारी वर्ग शिरूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी, भावाच्या रानात. ज्वारीची काढणी होती, सावडीनं. मी मनात म्हटलं, आता ह्या माणसापुढं हात टेकले. पण आदल्या वेळच्या बोलण्याची लाज होती, म्हणून गेले.

रानात पंधरा-सोळा माणसं. प्रत्येकाला एक पात दिलेली, म्हणजे ज्वारीच्या चार-पाच ओळींचा पट्टा. खाली वाकायचं, ताट मुळासकट उपटायचं, मागं टाकत पुढं जायचं. मी शेतकऱ्याचीच पोर. पदर खोचला आणि निघाले. सगळ्यांना मागं टाकून बांधाला पोचले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. हातांना चिरा पडल्या होत्या, पण पहिली मीच. मागं वळून बघते तर माझ्याकडं कुणाचं लक्षच नाही.

सरांची भावजय, त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मधल्या पातीवरून ओरडल्या, "ए सिस्टर, तिथं हुबी ऱ्हाऊन कुनाची वाट बघतीस? येष्टीची?"

"माझी पात झाली, मावशी."

"तुझी झाली, रान झालंय का? पुढं गेलेलीनं मागं वळायचं आस्तं. त्यो बघ, तुझा मास्तर मागं पडलाय. जा, त्याची पात ह्या अंगानं धर."

सर खरंच सगळ्यांच्या मागं होते. गुडघे धरून वाकत होते. मी त्यांची पात बांधाकडनं धरली आणि उपटत उपटत त्यांच्याकडं निघाले. समोरासमोर आलो तेव्हा मध्ये चारच ताटं उरली होती. दोन त्यांनी उपटली, दोन मी. बाकीच्यांच्याही पाती तशाच मिटत गेल्या, आणि सगळं रान एकदमच संपलं. सर घाम पुसत होते, एक शब्द बोलले नाहीत. जर्मनही नाही आणि मराठीही नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. सर इस्त्रीचा शर्ट घालून पुण्याच्या केंद्रावर आले, कोश फडक्यात गुंडाळलेला. तो आत नेता येत नाही म्हटल्यावर त्यांनी वॉचमनच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सांभाळा, म्हातारा हाय." बोलण्याच्या परीक्षेच्या जोड्यांची यादी भिंतीवर लागली. आम्ही फॉर्म एकामागोमाग एक भरलेले, नंबर लागोपाठचे. माझ्या नावासमोर सरांचं नाव होतं.

मला माणूस हवा होता फडाफडा बोलणारा. माझी जागा, माझं पत्र, गावभर झालेला बोभाटा, सगळं आता ह्या एका माणसाच्या तोंडावर अवलंबून, आणि ते तोंड जर्मन माणसासमोर कधी उघडलेलंच नाही!

आत दोन परीक्षक होत्या. एक पुण्याची मुलगी, आणि एक पांढऱ्या केसांच्या जर्मन बाई. कागदावर लिहिलं होतं, तुमच्या वर्गातली एक सोबतीण दवाखान्यात आहे, तिला भेटायला जायचं दोघांनी मिळून ठरवा. मी म्हणाले, शनिवारी जाऊ या, तुम्हाला चालेल का? आणि थांबले.

सर काही बोलेनात. ते त्या जर्मन बाईंकडं बघत होते. घड्याळ चाललेलं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती, कधी, कसं, काय न्यायचं, सगळं. नुसती जीभ सोडायची खोटी. आणि खरं सांगते, मी तोंड उघडलंही होतं. मग मला मावशींचा आवाज आठवला. तुझी झाली, रान झालंय का?

मी मागं वळले. सोप्पा प्रश्न विचारला, पहिल्या धड्यातला. बसनं जायचं का? सर म्हणाले, "या." हो. मग म्हटलं, सकाळी का दुपारी? "दुपारी." मग मी म्हटलं, तिच्यासाठी फुलं नेऊ.

सरांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. "नाइन!" म्हणजे "नाही!" असे ओरडले की पुण्याची मुलगी दचकली. गिरणीची सवय! "फुलं काय खायची हायेत का?" हे त्यांनी जर्मनमध्येच म्हटलं, बऱ्यापैकी बरोबर. मी म्हटलं, मग काय न्यायचं? "भाकरी," सर म्हणाले. "प्रत्येकानं आपल्या घरची. दवाखान्यात माणूस एकटा जेवतो. आपण तिच्या कॉटभोवती बसायचं आन् संगट खायचं." शब्द मागेपुढे होत होते, क्रियापदं कुठंही पडत होती, दोन शब्द तर कुणा राजाच्या काळातले निघाले. मी म्हटलं, दवाखान्यात एवढ्या माणसांना सोडत नाहीत, मी सिस्टर आहे, मला विचारा. ते म्हणाले, मग दोघादोघांनी जाऊ. आमची चांगलीच जुंपली. जर्मन बाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. वेळ संपल्याचं त्या पुण्याच्या मुलीला दोनदा सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर सरांनी कोश ताब्यात घेतला, वॉचमनचे आभार मानले आणि फुटपाथवरच बसले. म्हणाले, "मी पार अडकलो व्हतो. तू वळलीस." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी डबा उघडला, लसणाची चटणी काढली आणि आम्ही तिघांनी खाल्ली, वॉचमनसुद्धा.

मी पास झाले. सर बोलण्यात पास झाले आणि लेखनात सपशेल नापास, कारण अर्धे शब्द त्यांनी हजार वर्षांपूर्वीच्या पद्धतीनं लिहिले होते. त्यांना काडीचं दुःख नव्हतं. निकालाचा कागद कोशात 'गे'च्या पानावर चिकटवला आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. तेव्हापासून वर्गातलं कुणी पहिल्यांदा नापास झालं, की सर त्याच्याबरोबर पुन्हा फॉर्म भरतात. लेखनाचं निमित्त सांगतात. "पोरगी येकटी नको," हे खरं कारण. निघायच्या दिवशी स्टँडवर मी पाया पडले, तर म्हणाले, "जा. पन सावड फेडायची आस्ती, ध्यानात हाय ना?"

आहे की. म्हणून दर रविवारी मी इथून व्हिडिओ कॉल लावते. इकडं माझा सकाळचा चहा, तिकडं त्यांचे साडेबारा वाजत आलेले. सर फोन डब्यांना टेकवून उभा करतात. माझ्यासमोर एक भाकरी ठेवतात, आणि कॉल संपला की ती वाटून खातात, पोरं सांगतात. मी बोलण्याचा सराव घेते. आमच्या आश्रमातल्या एक नव्वदीच्या आजी कधीमधी माझ्या खांद्यावरून डोकावतात. सर त्यांना न भिता "चहा घ्या" म्हणतात, अगदी आजच्या जर्मनमध्ये.

गेल्या रविवारी कारेगावची एक नवी मुलगी फोनपुढं बसली. कंपनीच्या दवाखान्यात काम करते. पहिल्या परीक्षेत नापास झालेली. मी विचारलं, आज डब्यात काय आणलंस? ती नुसती बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मागं गिरणी घरघरत होती. सर खडू हातात धरून तिच्यामागं उभे होते, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी ड्युटी सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

"सावकाश बोल, बाई," मी म्हणाले. "मला कसलीही घाई नाही."

मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि थांबले. आजीही थांबल्या. बऱ्याच वेळानं ती मुलगी म्हणाली, भाकरी.